चौथ्या जागेचं खोटं

धुरी सर वर्गात रोज एकदा खोटं बोलायचे, आणि ते कितव्या जागी बोलायचं हे मी ठरवायचे.

मी म्हणजे त्या क्लासची मावशी. मुलुंडला पाच रस्त्याच्या अलीकडे, खाली औषधांचं दुकान आणि वर दातांचा डॉक्टर अशा एका इमारतीत अकरावी-बारावीच्या मुलांचा क्लास आहे. वर्ग उघडायचे, फळे पुसायचे, चहापाणी बघायचं, आलेल्या पालकांना बसवायचं, ही माझी कामं. अजूनही तीच करते, म्हणून क्लासचं नाव लिहीत नाही. माझी शाळा आठवीत सुटली. माहेर हिंगोलीकडचं. लग्न होऊन इकडे आले ती इथलीच झाले, पण गावाहून फोन वाजला की अजूनही आधी छातीत धडधडतं आणि मग हात फोनकडे जातो. पॅन्ट्रीचा गॅस बंद केलाय ना, हे बघायला मी निम्म्या जिन्यावरून परत वर जाते. असल्या बाईला गणिताचे सर रोज विचारायचे, "सुनंदाबाई, आज कितवा?"

"तिसरा," मी म्हणायचे. कधी म्हणायचे, "पाचवा."

"पहिला नि शेवटचा सोडून बोला हां. कडेला बसलेला खोटारडा पकडायला कठीण. पोरं रडतील."

हे काय चाललंय ते मला पहिले काही महिने कळलं नव्हतं. सर वर्गात शिरले की मी पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या निमित्तानं दाराशी रेंगाळायचे. सर फळ्यावर वरच्या ओळीत शून्यापासून सहापर्यंत आकडे मांडायचे आणि प्रत्येकाखाली एक-एक किंमत लिहायचे. सांगायचे, "माझ्या मनात एक बहुपदी आहे. ती मी सांगणार नाही. ती कुठं किती भरते एवढंच सांगीन. तुम्ही ती माझ्या मनातून ओढून काढा." मुलं इंग्रजी शाळांतली, ती तिला पॉलिनॉमिअल म्हणायची. सर बहुपदीच म्हणायचे.

ओढून काढायची रीत साधी होती. शेजारशेजारचे आकडे एकमेकांतून वजा करायचे आणि उत्तरं खाली लिहायची. मग त्या उत्तरांचीही तशीच वजाबाकी. सर त्याला वजाबाकीचा जिना म्हणायचे. एक, तीन, सात, तेरा, एकवीस, एकतीस, त्रेचाळीस असे आकडे असले, तर खालच्या पायरीवर दोन, चार, सहा, आठ, दहा, बारा येतात, आणि त्याच्या खालच्या पायरीवर सगळे दोनच. सगळे सारखे आले की जिना संपला, जमीन लागली. मग प्रत्येक पायरीवरचा पहिला आकडा घेऊन परत वर चढायचं, आणि वर सरांच्या मनातली बहुपदी सापडते. ते वर चढणं मला कधीच आलं नाही, आजही येत नाही. पण उतरता यायचं. वजाबाकी आठवीपर्यंत शिकून झाली होती ना.

आणि त्या सात आकड्यांतला एक सर मुद्दाम खोटा लिहायचे. मी सांगितलेल्या जागेचा. तेराच्या जागी चौदा लिहिला, की शेवटच्या पायरीवर सगळे दोन यायच्या ऐवजी दोन, तीन, शून्य, तीन, दोन असं काहीतरी वेडंवाकडं यायचं. मुलं डोकी खाजवायची. कुणी म्हणायचं, सर, माझंच चुकलं वाटतं.  सर खिडकीशी जाऊन बाहेर रिक्षांच्या रांगेकडे बघत उभे राहायचे. तास संपत आला की वळायचे आणि त्यांच्या मालवणीत विचारायचे, "खोटा कोण बोलता?"

मग एकदम कल्ला. "सर, चौथा!" "अरे नाही यार, पाचवा!" "गधड्या, बिघडलेल्याचा मधला बघ ना!"

ज्यानं पकडलं त्याचं नाव सर फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचे. पूर्ण नाव, आडनावासकट, सुरेख अक्षरात. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पुसायचं नाही अशी मला सक्त ताकीद होती. आणि मग तो खोटा आकडा पुसायचे. तोही डस्टरनं नाही, बोटानं. त्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट कायम मार्करच्या शाईनं निळं असायचं. मी एकदा म्हटलं, "सर, डस्टर धुऊन ठेवलाय की हो." तर म्हणाले, "डस्टरनं पुसला की वाटतं कुणी लिहिलाच नव्हता. मी लिहिलाय, तर बोट माझंच मळू दे."

माणूस दिसायला काही विशेष नव्हता. ठेंगणे, रुंद, बाह्या दोनदा दुमडलेल्या, चपला कोकणी माणसाच्या चालण्यानं एका बाजूला झिजलेल्या. चहा गरम प्यायचे नाहीत. कपावर बशी पालथी घालून ठेवायचे, तास घेऊन यायचे, आणि साय धरलेला गार चहा एका दमात पिऊन म्हणायचे, "झकास." असला चहा मी कुत्र्यालाही दिला नसता. पोरांना "मेल्यांनो" म्हणायचे, पोरींना "बायांनो". रागावले की संपूर्ण मालवणी. तेव्हा गुजराती मुलंसुद्धा खाली मान घालून हसायची आणि सर ते बघून आणखी मालवणी बोलायचे.

एका गोष्टीबद्दल मात्र त्यांना हसू यायचं नाही. कुणी मुलानं सहाच्या पुढच्या आकड्याला काय किंमत येईल असं विचारलं, की सर मार्कर टेबलावर ठेवायचे. "जेवढं दिलंय त्याच्या आत बोल. पुढचं बोलायचं असेल तर आधी मला सांग, की मनात हीच बहुपदी आहे हे तुला कुणी सांगितलं."

हे इतकं का लागतं, ते मला त्यांनी पॅन्ट्रीत एकदा सांगितलं. त्यांचे वडील गिरणीत होते. सर कॉलेजात असताना संप झाला. चाळीतली सगळी माणसं म्हणत होती, मिटेल. याच्या आधीचे सगळे मिटले होते, प्रत्येक वेळी भोंगा परत वाजला होता, म्हणजे हाही वाजणार. "वडलांनी डबा घासून फळीवर उपडा ठेवला होता," सर म्हणाले. "भोंगा वाजला की लगेच भरायला. सुनंदाबाई, तो डबा तसाच उपडा राहिला. मागचे सगळे आकडे बरोबर होते. पुढं काय ते आकडे बोललेच नव्हते. आम्हीच त्यांच्या तोंडी घातलं."

एवढं बोलून गार चहा प्यायले. त्या दिवशी झकास म्हणाले नाहीत.

क्लासचे मालक विनीत सर. वयानं माझ्याहूनही लहान, हुशार, बोलायला गोड. ते धुरी सरांचेच जुने विद्यार्थी. सर पूर्वी एका शाळेत होते, तिथले. क्लास काढला तेव्हा सरांना निवृत्तीनंतर घरून गाडी पाठवून आणलं होतं, असं जुनी माणसं सांगतात. मी लागले तेव्हा ते सरांच्या पाया पडायचे. मग नुसतं नमस्कार सर. मग मोबाइलवर बोलता बोलता हात वर करायचे.

त्या वर्षी क्लासनं एक अॅप आणलं. मुलाच्या चार चाचण्यांचे मार्क त्यात घातले, की पुढं बोर्डापर्यंत त्याचा आलेख कसा जाणार ते रंगीत रेषेनं दिसायचं. पालक खूश. रेष वर गेली की पेढे, खाली गेली की जादा तासांची बॅच. एक दिवस एक बाप मुलाला दंडाला धरून घेऊन आला. मुलाला बहात्तर, सत्तर, पासष्ट, सत्तावन्न पडले होते आणि मोबाइलवरची रेष कड्यावरून पडल्यासारखी खाली गेली होती. बाप म्हणत होता, "पवईला, आयआयटीत पाठवायचं स्वप्न होतं हो माझं. हा तर नापास होणार असं तुमचंच मशीन सांगतंय." मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा. त्याचा कान लाल झाला होता.

विनीत सर जादा बॅचचं समजावत होते. तेवढ्यात धुरी सर बाहेर आले. त्यांनी तो मोबाइल हातात घेतला, लांब धरून बघितला, आणि स्वागतकक्षातल्या पांढऱ्या फळ्यावर ते चार आकडे लिहिले. खाली जिना. उणे दोन, उणे पाच, उणे आठ. त्याखाली उणे तीन, उणे तीन.

"जमीन लागली," सर म्हणाले. "म्हणजे मशीन म्हणतं ते बरोबर आहे. आपण पुढं जाऊया." आणि लिहीत गेले. सेहेचाळीस. बत्तीस. पंधरा. मग क्षणभर थांबून लिहिलं, उणे पाच.

"अहो, अभिनंदन," सर बापाला म्हणाले. "बोर्डाच्या परीक्षेत तुमचा मुलगा बोर्डालाच पाच मार्क देऊन येणार."

 आधी तो मुलगा फिसकन हसला, मग बापही हसला, मग बाकावर बसलेले दुसरे पालक. हसता हसता एका बाईनं स्वतःचा मोबाइल पर्समध्ये टाकला. सर म्हणाले, "चार ठिपक्यांतून रेष काढता येते. पोरगा नाही काढता येत. जा, काहीतरी खायला घाला त्याला."

सगळे हसत होते तेव्हा मी विनीत सरांकडे बघत होते. मला सवय आहे, कोण रागावलंय ते आधी बघायची. ते हसत नव्हते. त्या दिवसापासून ते धुरी सरांशी बोलताना "सर" म्हणायला जरा वेळ घ्यायला लागले.

पुढं काही महिन्यांनी कॅमेरा आला. विनीत सर म्हणाले, आजारी पडलेल्या मुलांसाठी सगळे धडे भरून ठेवायचेत. सरांना आनंदच झाला. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, शर्ट कडक इस्त्री करून दिला होता. पण रिकाम्या बाकांसमोर सरांना तोंडच फुटेना. दोनदा सुरू केलं, दोनदा थांबले. मग मला हाक मारली. "सुनंदाबाई, ते हातातलं फडकं ठेवा आणि हंय बसा. पहिल्या बाकावर. समोर कुणीतरी हवं, लाकडाला शिकवायला मला येत नाही."

मी बसले. आठवीनंतर पहिल्यांदा बाकावर बसले. माझे हात कुठं ठेवायचे ते मला कळेना. मी ते शाळेतल्यासारखे बाकावर घडी घालून ठेवले. सर गालातल्या गालात हसले. कॅमेरा सुरू व्हायच्या आधी हळूच विचारलं, "कितवा?" मी म्हटलं, "चौथा."

त्या दिवशी सरांनी जे शिकवलं ते मला शिकवलं. माझ्याकडे बघून शिकवलं. सात आकडे मांडले, तेराच्या जागी चौदा. जिना उतरले. दोन, तीन, शून्य, तीन, दोन. खिडकीशी जाऊन परत वळले. "बघा," ते म्हणाले, "वर एकच खोटा. त्याच्या खाली दोन बिघडले, त्याच्या खाली तीन. खोटा एकटा राहत नाही. उतरता उतरता माणसं जमवतो."  परत वळले. "खोटा कोण बोलता, सुनंदाबाई?"

जागा मीच सांगितली होती, तरी मी पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. मी बोटानं उतरत गेले, बिघडलेल्यांचा मधला शोधला, त्याच्यावर सरळ रेघेत बघितलं. "चौदा," मी म्हटलं. "तिथं तेरा पायजे."

सरांनी बोटानं चौदा पुसला, तेरा लिहिला, आणि फळ्याच्या कोपऱ्यात माझं नाव लिहिलं. सुनंदा, नवऱ्याचं नाव, आडनाव. कॅमेरा बंद झाला. त्या संध्याकाळी फळा पुसायची पाळी माझीच होती. मी कोपरा सोडून बाकी सगळा पुसला.

ते धडे अॅपवर चढले आणि पंधरवड्यात बोंबाबोंब सुरू झाली. "सर को टेबल भी नहीं आता." "चौदा कुठून आला?" "अंकल को रिटायर करो यार." कुठल्या कुठल्या गावची मुलं लिहीत होती. विनीत सरांनी सगळ्या शिक्षकांना बोलावलं. मी चहाचा ट्रे घेऊन आत गेले, तेव्हा भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर धुरी सर खिडकीशी पाठमोरे उभे होते आणि चित्र तिथंच थांबलेलं होतं. फळ्यावर चौदा.

"सर, हे तेरा असायला हवं ना?" विनीत सर म्हणाले.

"हो."

"मग?"

"मग पुढं बघ ना."

"पुढं नाहीये सर. एवढंच आहे."

धुरी सर त्या पडद्याकडे बघत राहिले. मला वाटलं त्यांना समजलं नाही. मला समजलं नव्हतं. मी ट्रे धरूनच बोलले, "पुढं आहे की. पुढं मी उत्तर दिलंय. सरांनी पुसलाय तो चौदा."

सगळे माझ्याकडे वळले. फिजिक्सचे एक सर हसले. विनीत सरांनी डोळे मिटून घेतले, डोकं दुखताना मिटतात तसे. "मावशी, तेच काढलंय. लेक्चरमध्ये चहावाल्या मावशीचा आवाज ठेवू का मी? पालक काय म्हणतील? ब्रँड आहे आपला. चहा ठेवा आणि दार ओढून घ्या."

मी चहा ठेवला. दार ओढून घेतलं. पण दार नीट लागत नाही आमच्याकडे, त्याला जोर द्यावा लागतो, आणि मी जोर दिला नाही.

आत विनीत सर मवाळ झाले. म्हणाले, "सर, मी काय तुमचा दुश्मन आहे का? एका मिनिटाचं काम आहे. आपली टॉपर मुलगी समोर बसवू, युनिफॉर्ममध्ये. ती म्हणेल तेरा, तुम्ही पुसा, विषय संपला. आज शूट करू, रात्री अपलोड."

"उत्तर त्यांनी दिलंय," धुरी सर म्हणाले.

"कुणी?"

"सुनंदाबाईंनी. ज्यानं पकडलं त्याचं नाव घ्यायचं असतं."

"सर, प्लीज. प्रॅक्टिकल व्हा ना."

"तुझंसुद्धा लिहिलं होतं मी फळ्यावर. तीन दिवस पुसू दिलं नव्हतंस कुणाला. आईला घेऊन आलेलास दाखवायला."

 एक कप बशीवर आपटल्याचा आवाज आला. शेवटी विनीत सर म्हणाले, "ठीक आहे. तुमची मर्जी." त्यात "सर" नव्हतं.

सर पॅन्ट्रीत आले. कपावर बशी घालून ठेवली होती मी. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, तोही सरांचाच. "बसवा ना त्या पोरीला," मी म्हटलं. "माझं काय अडलंय त्या उत्तरावाचून? तुमचं नाव खराब होतंय. अहो, मी इथं चहा करते, उद्याही करणार."

"म्हणूनच."

"म्हणूनच काय?"

"काय नाय." बशी काढून आत बघितलं. "ह्याला ठाऊक आहे, सुनंदाबाई. माझा रोज एक आकडा का चुकतो हे ह्याच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. विसरला असता तर मला बरं वाटलं असतं." चहा तसाच ठेवून गेले.

त्यानंतर सरांना कुणी जा म्हणालं नाही. तसं आमच्याकडे म्हणत नाहीत. आधी त्यांची सकाळची बॅच गेली, मग वेळापत्रकात त्यांच्या नावापुढं ‘रेकॉर्डेड’ असं आलं. आणि त्या धड्यावर पडद्याच्या खालच्या कडेला एक पट्टी सरकायला लागली : चौथी किंमत १३ अशी वाचावी. शिक्षकांच्या चुकीबद्दल दिलगीर आहोत. पट्टी टाकायला वेळ होता त्यांना. कापलेला तुकडा जोडायला नव्हता. तो कधीच उडवला म्हणे.

मी एकदा त्यांच्या घरी गेले. पूर्वेला, मिठागर रोडच्या बाजूला, जुन्या दुमजली इमारतीत. सरांचा क्लासमधला कप द्यायचं निमित्त केलं होतं. वहिनींनी मला आत बसवलं आणि सर ऐकत असतानाच बोलायला लागल्या. "तू तरी सांग गो यांना. नातीला शाळेत ‘चौदा’ म्हणून हाक मारतात. फोर्टीन सरांची नात. काल भाजीवाल्याचा मुलगा विचारत होता, आजी, आजोबांना पाढे येत नाहीत का. एवढी वर्षं जेवताना भातात निळं बोट घालायचे, मी किती बोलले असेन. आता बोट स्वच्छ असतं तर मलाच घास गिळत नाही."

सर खिडकीशी बसले होते. म्हणाले, "मी सांगितला नव्हता? वर एक, खाली दोन, त्याच्या खाली तीन."

"गप बसा. इथं फळा नाय."

 मी निघताना सर जिन्यापर्यंत आले. मी म्हटलं, "सर, माझ्यामुळं झालं." म्हणाले, "तुमच्यामुळं मला समोर माणूस मिळाला. बाकीचं त्याच्यामुळं झालं. जिना नीट बघून उतरा, दिवा गेलाय." सर आयुष्यभर असंच बोलले. जे दिलंय त्याच्या आत. मी मात्र सगळी वाट त्यांच्या वाक्याच्या पुढचं ऐकत आले.

नंतर एकदाच दिसले.

गेल्या जूनमधली गोष्ट. प्रवेशांची गर्दी ओसरून दुपार सुस्तावली होती. दार ढकलून सर आत आले. तोच इस्त्रीचा शर्ट, पण गळ्याशी सैल झालेला. काउंटरवरच्या नव्या मुलीनं विचारलं, "अंकल, ॲडमिशनसाठी का?" ते म्हणाले, "विनीतला भेटायचंय. धुरी म्हणून सांग." मुलगी आत जाऊन आली. म्हणाली, बसा, मीटिंगमध्ये आहेत.

सर बाकावर बसले. पालक बसतात त्याच बाकावर. मी चहा केला, बशी पालथी घालून त्यांच्या शेजारी ठेवला. ते हळू आवाजात म्हणाले, "सुनंदाबाई, आज हो म्हणायला आलोय."

"कशाला हो?"

"बसव म्हणतो त्या टॉपरला. नात शाळेत जायला बघत नाही आता. रडते. मी आपला..."  माझ्याकडे बघितलं नाही. मला त्यांचा हात धरून सांगायचं होतं, की बरं झालं, सर, हेच करायचं होतं आधी. मी म्हटलं, "सर, चहा निवला की प्या." तेवढंच आलं तोंडातून.

ते बसून राहिले. मी दोन वेळा आत डोकावून आले. विनीत सर लॅपटॉप बंद करत होते. मग बॅग उचलली आणि मागच्या लिफ्टनं खाली गेले. जाताना मला म्हणाले, "मावशी, सरांना सांगा, मी फोन करीन." लिफ्टचं दार जरा हातानं धरून ठेवलं. पण गेले.

मी बाहेर आले. सरांनी माझं तोंड बघितलं. "खंय गेलो तो?"

"मागच्या लिफ्टनं."

"हां." मान हलवली. एखाद्या मुलानं बरोबर उत्तर दिल्यावर हलवायचे तशी.

समोर भिंतीवर मोठा टीव्ही लावलाय. येणाऱ्या पालकांना दाखवायला त्यावर क्लासचे धडे दिवसभर चालू असतात, आवाज बंद करून. त्या वेळी तोच चौदाचा धडा चालू होता. सुरुवात चांगली आहे म्हणून तो अजून दाखवतात. पडद्यावरचे सर आकडे मांडत होते, बाह्या दुमडलेल्या, बोट निळं. पहिल्या बाकाकडे बघत होते. बाक चित्रात नव्हता. मग ते खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

धुरी सर बाकावरून उठले. टीव्हीजवळ गेले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "अंकल, हात नका लावू हां." त्यांनी उजवं बोट पुढं केलं आणि काचेवर, बरोबर चौदावर, घासलं. एकदा. मग जरा जोरात, फळ्यावर पुसायचे तसं. खालून पट्टी सरकत गेली. चौदा तिथंच होता. लगेच चित्र संपलं आणि क्लासची जाहिरात लागली.

सरांनी बोट उलटं करून बघितलं. त्याला काही लागलं नव्हतं. मग ते बोट मुठीत धरून, चहा तसाच ठेवून, पुढच्या दारानं जिना उतरून गेले.